‘हॉगफादर’ छोट्या पडद्यावर : पार्श्वभूमी

१७ आणि १८ डिसेंबर २००६ या दोन रात्री, म्हणजे नाताळच्या आदल्या आठवड्यातल्या रविवारी आणि सोमवारी, ब्रिटनमधल्या एका उपग्रह वाहिनीने ‘हॉगफादर’ दाखवली. मूळ कादंबरी टेरी प्रॅचेट यांची, १९९६ची, ‘डिस्कवर्ल्ड’ या सपाट जगाच्या मालिकेतली विसावी. गोष्ट थोडक्यात अशी : हॉगफादर म्हणजे त्या जगाचा नाताळबाबा. त्याच्यावरची मुलांची श्रद्धा संपवण्यासाठी एक मारेकरी दातांच्या परीचा किल्ला लुटतो, आणि मृत्यू, जो या मालिकेतलं एक पात्रच आहे, लाल झगा चढवून हॉगफादरची जागा घेतो. कागदावर फुललेला विनोद पडद्यावर नेताना काय टिकलं आणि काय गळलं, एवढंच इथे पाहायचं आहे.

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर नाताळ आणि अद्भुतकथा यांची जोडी जुनी. १९७१ ते १९७८ या काळात सार्वजनिक वाहिनीवर दर नाताळात एक भुताची गोष्ट येई. १९८४ मध्ये १९३५च्या एका बालकादंबरीची सहा भागांची मालिका झाली, तिचा शेवटचा भाग २४ डिसेंबरलाच लागला, त्यामुळे गोष्टीतला नाताळ आणि घरातला नाताळ एकत्र आले. पण या साऱ्यांचा मुख्य ऐवज गूढ आणि भीती हा होता, विनोद नव्हता. याच लेखकाच्या पुस्तकांवरून १९९२ मध्ये मुलांसाठी बाहुल्यांची मालिका आणि १९९७ मध्ये दोन कार्टून मालिका झाल्या होत्या. सपाट जग खऱ्या माणसांना घेऊन, मोठ्या खर्चाने उभं करण्याचा पहिला प्रयत्न मात्र २००६चाच.

दोन रात्री का, याचं उत्तर आधी घड्याळात शोधावं लागतं. ब्रिटनमध्ये व्यावसायिक वाहिनीला कोणत्याही एका तासात १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. दोन तासांच्या जागेतून जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या घोषणा वजा केल्या की साधारण ९५ मिनिटं हातात उरतात. दोन रात्रींचे १९० धरा. रूपांतराची लांबी १८९ मिनिटं आहे, ती या हिशेबात नेमकी बसते. पटकथेचं एक पान म्हणजे एक मिनिट हा ढोबळ नियम लावला तर हे १९० पानांचं लेखन झालं. एवढी जागा साध्या चित्रपटाला मिळत नाही, म्हणूनच कादंबरीतला जादूगारांचा फाटा, विचार करणारं यंत्र, नशा उतरण्याचा देव ही सगळी मंडळी आत राहू शकली.

या सैलपणाची किंमतही होती. मूळ कादंबरीत प्रकरणं नाहीत. प्रसंगांमागून प्रसंग येतात आणि मध्ये फक्त कोरी ओळ असते. जाहिरातीच्या आधीचं प्रत्येक दृश्य मात्र प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवणारं लागतं. असे टांगते शेवट या पुस्तकात तयार मिळत नाहीत, ते प्रसंगांची फिरवाफिरव करून बनवावे लागतात. तीन धागे बराच वेळ एकमेकांना भेटत नसल्यामुळे पहिली रात्र, पुस्तक न वाचलेल्यांना तरी, संथ वाटते. तरीही फाटे छाटले नाहीत हा निर्णय योग्यच होता. या कादंबरीत ‘श्रद्धा सांडली की काय काय जन्माला येतं’ हे दाखवणारे तेच फाटे आहेत. ते काढले तर खाली उरते ती एका मारेकऱ्याच्या पाठलागाची गोष्ट.

तारखेतही विचार होता. खुद्द २५ डिसेंबरच्या संध्याकाळी साध्या अँटेनावर दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्या आपला सगळा दारूगोळा बाहेर काढतात. उपग्रह वाहिनीने तिथे जाऊन टक्कर घेण्यापेक्षा आठवडाभर आधीची जागा घेतली. शाळा सुटलेल्या किंवा सुटायच्या बेतात, घराघरांत झाडं लागलेली, आणि मोठ्या वाहिन्यांचे खास कार्यक्रम अजून पेटीत.

आता ‘हॉग्सवॉच’ या कादंबरीतल्या सणाच्या नावाकडे. ‘हॉग’ म्हणजे डुक्कर. स्कॉटलंडमध्ये वर्षअखेरीच्या रात्रीला ‘हॉगमने’ म्हणतात, आणि त्याच रात्री चर्चमध्ये जी जागरणाची प्रार्थना होते तिला ‘वॉच नाइट’. या तिन्हींची सांधेजोड, वर ‘हॉगवॉश’ म्हणजे निव्वळ बडबड या शब्दाचा वास. ‘हॉगफादर’ हे नाव तर ‘फादर ख्रिसमस’ आणि ‘गॉडफादर’ या दोघांच्या मधून निघालेलं. डुक्कर केवळ गमतीखातर आलेलं नाही. हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर मारून खारवून ठेवणं ही उत्तर युरोपातली जगण्याची सोय होती, आणि ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयात रानडुकराचं शिर मिरवत आणून, त्याचं गाणं गात मेजवानी करण्याची परंपरा आहे. म्हणजे कादंबरीचा सण आपल्या ओळखीच्या नाताळाखाली दडलेला जुना, रक्ताचा, सूर्य परत येईल ना या भीतीचा सण आहे.

पडद्यावर हे जपणं अवघड, कारण वाहिनीला हवा असतो नाताळ. रेनडिअरऐवजी डुकरं, गोड सारणाच्या पेस्ट्रीऐवजी डुकराच्या मांसाची पेस्ट्री एवढी अदलाबदल करून वाहिनी समाधानी होऊ शकली असती. जुन्या सणाचा थर पुस्तकात निवेदक सांगतो. पडद्यावर तो बर्फात धावणाऱ्या रानडुकरावर आणि त्याच्यामागे लागलेल्या शिकारी पावलांवर सोपवावा लागतो. त्या दृश्यात आधीची दीड-दोन तासांची थट्टा थांबते. तिथे कुणी हसलं तर सगळंच फसलं.

सर्वात जास्त वाद झाला तो मृत्यूच्या आवाजावर. देवनागरी वाचणाऱ्यांना ही अडचण थोडी उलगडून सांगायला हवी. मूळ पुस्तकात मृत्यूचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय, छोट्या आकाराच्या कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे ठळक ठशाचा किंवा वेगळ्या वळणाचा आधार घ्यावा लागेल, आणि तो परिणाम तसा होणार नाही. त्या अक्षरांचा अर्थ ‘मोठ्याने बोलणं’ असा नाही. शब्द कानावाटे न जाता थेट डोक्यात उमटतात, असं पुस्तकच सांगतं. छापील पानावर ही युक्ती फुकट मिळते. डोळा पानावर पडताच कोण बोलतंय ते कळतं, ‘तो म्हणाला’ची गरज राहत नाही. (मराठीत मृत्यू पुल्लिंगी आहे ही आपली सोय. फ्रेंच आणि रशियनमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे तिथे आणखी निराळा गुंता होतो.)

दूरचित्रवाणीवर आवाजाला कान टाळता येत नाही. मग तीन वाटा उरतात. पहिली, प्रतिध्वनी भरपूर घालणं. याने भव्यता येते, पण व्यंजनं पुसट होतात, आणि या पात्राचे विनोद नेमके वाक्याच्या शेवटच्या शब्दावर उभे असल्यामुळे तो शब्द प्रतिध्वनीत बुडतो. दुसरी, खर्ज वाढवणं. मिक्सिंगच्या खोलीत ८० ते १०० हर्ट्‌झचा भराव छातीत जाणवतो. पण चपट्या टीव्हीचे बारके स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाहीत, आणि घरी पोहोचतो तो वजन हरवलेला साधा माणसाचा आवाज. तिसरी वाट कठीण आणि माझ्या मते खरी : आवाज अगदी जवळच्या माइकवर, भिंतींचा जराही नाद नसलेल्या खोलीत घ्यायचा आणि तसाच कोरडा ठेवायचा. बाकी पात्रांच्या आवाजाला दुकानाचा, रस्त्याचा, दगडी जिन्याचा नाद असतो. याच्या आवाजाला कोणत्याच जागेचा नसतो. तो खोलीत आहे, पण खोलीतून येत नाही. छापील कॅपिटलांच्या सर्वात जवळ जाणारी गोष्ट हीच.

मग नट कोणता? १९९७च्या कार्टूनांमध्ये मृत्यूला भयपटांत नाव कमावलेल्या एका ज्येष्ठ नटाचा खोल, घुमणारा आवाज होता. अनेक वाचकांच्या डोक्यात तोच बसलेला. २००६ मध्ये वेगळा आवाज घेतला गेला : रंगभूमीवर मुरलेला, काटेकोर, थोडा थकलेला, समजून घेऊ पाहणारा. पहिल्या आवाजात दरारा जास्त, दुसऱ्यात कुतूहल. ‘हॉगफादर’मध्ये मृत्यू मुलांना भेटी देतो, काड्या विकणाऱ्या मुलीपाशी थांबतो, माणसं स्वतःला लहानमोठ्या खोट्या गोष्टी का सांगतात हे नातीला समजावतो. इथे दरारा उपयोगाचा नाही, कुतूहलच लागतं. शेवटाकडचा तो लांब संवाद, ज्यात दोन माणसं फक्त बोलतात आणि दुसरं काहीच घडत नाही, तो जवळपास जसाच्या तसा ठेवता आला याचं मोठं कारण हा आवाज. तो नट फेब्रुवारी २००७ मध्ये वारला. २००८च्या रूपांतरात कार्टूनचा जुना आवाज परत आणला गेला, आणि कोणता खरा, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

आवाज एकाचा आणि शरीर दुसऱ्याचं, ही या पात्राची दुसरी बाजू. उंच, सडपातळ नट, त्यावर कवटीचा मुखवटा. जबडा हलवायचा की नाही? हलवला तर यंत्रणा आत बसवावी लागते, कवटी फुगते, मोटारीची घरघर माइकवर येते, आणि हलणाऱ्या दातांवर शब्द बसवण्याची कसरत वेगळीच. २००६ मध्ये जबडा हलत नाही. हे पुस्तकाशी सुसंगत आहे, शब्द तोंडातून येतच नसतील तर तोंड हलावं कशाला! शिवाय संवाद चित्रीकरणानंतर कितीही वेळा नव्याने घेता येतात. पण मग सगळा अभिनय मानेच्या कलण्यात आणि हातांत येतो. मुखवट्यातल्या नटाला समोरचं फार थोडं दिसतं, म्हणून त्याच्या पावलांच्या जागा जमिनीवर हाताला-पायाला लागतील अशा पट्ट्यांनी आखाव्या लागतात. काळा झगा रात्रीच्या दृश्यात पार्श्वभूमीत विरघळतो, त्यामुळे मागून कडेचा प्रकाश अनिवार्य. आणि शेजारी बर्फ असेल तर काळ्याच्या घड्या दिसाव्यात म्हणून भिंग उघडावं तर पांढरं जळतं. म्हणून नकली बर्फ किंचित राखाडी-निळसर रंगवलेला बरा.

बर्फाचंच बोलायचं तर, सणासाठी बनणाऱ्या अद्भुतकथेचं चित्रीकरण बहुधा उन्हाळ्यात उरकावं लागतं, कारण संगणकीय दृश्यांना नंतर कित्येक महिने लागतात. जूनच्या उत्तरार्धात लंडनमध्ये दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो. बाहेर रात्र चित्रित करायला पाचएक तास मिळतात. गल्ल्या स्टुडिओत बांधाव्या लागतात त्या यासाठी. कागदाच्या लगद्याचा बर्फ टिकतो, पण ओला झाला की बुटांना चिकटतो, आणि प्रत्येक पुनर्चित्रणाआधी पावलांचे ठसे दाताळ्याने मोडून वर नवा थर पसरावा लागतो. तो वाजतही नाही; बर्फावरच्या पावलांचा करकर आवाज नंतर कॉर्नफ्लोअर भरलेली पिशवी दाबून काढतात. तोंडातून निघणारी वाफ उन्हाळ्यात नसते, ती नंतर घालावी लागते. विसरली तर सगळं हिवाळी दृश्य खोटं पडतं.

निवेदकाचं काय झालं, हा मला यातला सर्वात मोठा प्रश्न वाटतो. या लेखकाचा निम्मा विनोद पात्रांच्या तोंडी नसून निवेदनात आणि तळटीपांत असतो. वाक्य आधी एका दिशेने नेतं, शेवटच्या दोन शब्दांत फिरवतं. चित्र मात्र सगळं एकदम दाखवतं, त्याला लपवता येत नाही. मारेकऱ्याच्या नावाचंच घ्या. छापलेलं दिसतं ‘टीटाइम’, चहाची वेळ; तो म्हणतो उच्चार ‘ते-आ-तिम-ए’. वाचक पानावर दर वेळी चहाच वाचतो आणि त्याला दर वेळी टोचतं. पडद्यावर अक्षरं नसतात, म्हणून क्रम उलटा करावा लागतो : आधी दुसऱ्याने चुकीचा उच्चार करायचा, मग त्याने शांतपणे दुरुस्त करायचा, आणि त्या शांतपणातून धोका जाणवायला हवा. देवनागरीत तर एकच उच्चार लिहिता येतो, तेव्हा मराठी अनुवादकालाही हीच उलटी वाट धरावी लागेल. तळटीपा बहुतेक गळाल्या. निवेदकाचा आवाज वर चढवून त्या वाचून घेता आल्या असत्या, पण दर पाच मिनिटांनी तसं झालं की प्रसंगाचा श्वास तुटतो.

पुढचा प्रवास सणांच्या उतरणीने जातो. २३ आणि २४ मार्च २००८ला, ईस्टरचा रविवार आणि सोमवार धरून, मालिकेतल्या १९८३ आणि १९८६च्या पहिल्या दोन कादंबऱ्या एकत्र करून दोन रात्रींत बसवल्या. तेवढ्याच जागेत दुप्पट पुस्तक, त्यामुळे धावपळ जास्त आणि बोलण्याला उसंत कमी. २०१० मध्ये २००४ची टपालखात्याची कादंबरी ३० आणि ३१ मेला, वसंतातल्या बँक-सुट्टीला जोडून आली.

नंतर शब्दच बदलला. २०२१ची ‘द वॉच’ ही आठ भागांची मालिका प्रॅचेट यांच्या पुस्तकांवर ‘आधारित’ नव्हती, त्यांतल्या पात्रांपासून ‘प्रेरित’ होती. ‘आधारित’ म्हटलं की पुस्तकाला उत्तर द्यावं लागतं, ‘प्रेरित’ म्हटलं की फक्त नावं उरली तरी चालतात, आणि चाहत्यांची नाराजी नेमकी तिथेच होती. लेखक २०१५ मध्ये गेले होते. हक्क सांभाळणाऱ्यांनी २०२०च्या एप्रिलमध्येच पुढची रूपांतरं मूळ पुस्तकांशी पूर्ण इमान राखून होतील असं जाहीर केलं होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये, पुन्हा नाताळच्या तोंडावर, याच मालिकेतल्या २००१च्या मांजर-उंदरांच्या पुस्तकावरचा ॲनिमेशनपट ब्रिटनमध्ये आला. त्यात निवेदन कथेतल्याच एका मुलीकडे दिलं आहे. तिला गोष्टी कशा रचतात हे माहीत आहे, म्हणून ती मध्येच थांबून थेट प्रेक्षकांशी बोलते, आणि २००६ मध्ये गळालेला निवेदक तिच्या तोंडून परत येतो.