‘पाणी’चं ‘भुदृ’ होतं तेव्हा

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरतक्त्यात, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला क्रमांक असतो. त्या क्रमांकात ३ मिळवत गेलं की ‘पाणी’चं ‘भुदृ’ होतं. सीझरच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत पायथॉन या संगणकभाषेत चार-पाच ओळींत लिहून होते. कूटशास्त्रावर, म्हणजे मजकूर गुप्त ठेवण्याच्या विद्येवर, बोलताना ती श्रोत्यांसमोर लिहावी आणि लगेच फोडावी. देवनागरीच्या तक्त्यात १२८ जागा, म्हणजे किल्ल्या (किती मिळवायचे ते आकडे) फक्त १२७. सगळ्या लावून बघेपर्यंत पापणीही लवत नाही.

कूटशास्त्राचा गाभा आहे गुपित फोडायला लागणारा वेळ, आणि वेळ फळ्यावर किंवा स्लाइडवर दिसत नाही. तिथे प्रोग्रॅम चालवूनच दाखवावा लागतो.

उघडपणे बोलूनही दोघांत गुपित ठरवण्याची, १९७६ साली डिफी आणि हेलमन या संशोधकांनी मांडलेली युक्ती घ्या. २३ आणि ५ हे आकडे सगळ्यांना ठाऊक. पहिला माणूस मनात ६ धरतो. ५ चा सहावा घात १५,६२५. त्याला २३ ने भागून उरलेले ८ तो जाहीर करतो. दुसऱ्याच्या मनात १५. त्याची बाकी १९. आता पहिला १९ चा सहावा घात करतो, दुसरा ८ चा पंधरावा. २३ ने भागल्यावर दोघांकडेही २ उरतात. हेच त्यांचं गुपित, आणि ते कुणी उच्चारलेलंच नाही!

चोरून ऐकणाऱ्याने ५ चे घात एकेक करून तपासले तर ६ क्षणात सापडतो. म्हणून आता २३ च्या जागी ६१७ अंकी मूळ संख्या टाकायची, मनातला आकडाही तेवढाच मोठा. इथे माझ्या मते मुद्दाम चूक करावी: आधी पूर्ण घात काढायचा, मग भागायचं. संगणक अडकतो, कारण एवढी मोठी संख्या कुठल्याच मेमरीत मावणार नाही. मग प्रत्येक पायरीवर वर्ग करून लगेच बाकी घ्यायची. तीन-चार हजार गुणाकारांत काम होतं, उत्तर झटकन येतं.

उलट दिशेचा, म्हणजे जाहीर बाकीवरून मनातला आकडा काढण्याचा शोध मात्र चालू करून सोडून द्यावा. याहून हुशार रीती आहेत, पण एवढ्या आकाराला त्याही पुरत नाहीत. (गुप्त आकडा निवडायला पायथॉनचं साधं ‘रँडम’ वापरू नये, त्याचे पुढचे आकडे आधीच्या आकड्यांवरून ओळखता येतात.) तासाभराने पडद्यावरची मोजणी फार तर दहा-अकरा अंकी झालेली असते. पंखा घरघरत असतो.