टॅब लॅपटॉपची जागा घेईल का? पन्नास वर्षांची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले की सांगलीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत पालक हमखास विचारतात: पोराला टॅब घेऊन दिला तर लॅपटॉपचं काम भागेल का? विचारणारा नवा असतो, प्रश्न मात्र पन्नास वर्षांपूर्वीचा आहे.

१९७२ साली झेरॉक्सच्या 'पार्क' प्रयोगशाळेत कॉम्प्युटर शास्त्रज्ञ अ‍ॅलन के यांनी 'डायनाबुक'ची कल्पना मांडली. वहीएवढा, मुलांना कुठेही नेता येईल असा कॉम्प्युटर. त्या रेखाचित्रात पडद्याखाली कीबोर्डही होता, म्हणजे टॅब आणि लॅपटॉप दोघांचंही मूळ तिथे सापडतं. पुढे २००१ मध्ये बिल गेट्स यांनी भाकीत केलं, की पाच वर्षांत अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पीसी टॅबलेटच असेल. तसं घडलं नाही. तेव्हाचं टॅबलेट मशीन जड आणि महाग होतं, शिवाय माउससाठी बनवलेलं विंडोज पेनाने चालवावं लागायचं.

२७ जानेवारी २०१०ला अ‍ॅपलने आयपॅड दाखवला, तो नेमकी उलटी वाट धरून. लॅपटॉप कापून लहान करण्याऐवजी फोनची सिस्टीम मोठ्या पडद्यावर आणली. बोटाने सगळं सहज चालू लागलं, पण फोनच्या मर्यादाही सोबत आल्या. टॅब आजही लॅपटॉपची जागा घेत नाही, याचं मूळ माझ्या मते इथेच आहे, पडद्याच्या आकारात नाही.

आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ला 'आकाश' टॅब आला, सरकारी खरेदीत सव्वादोन हजारांच्या आसपास. विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्त कॉम्प्युटर द्यायचा हेतू फार चांगला होता. पण पहिल्या आवृत्तीचा पडदा दाबून दाबून वापरावा लागे आणि रॅम अवघी २५६ एमबी.

मशीनची ताकद हा मुद्दा त्यानंतर मागे पडत गेला. २०१५ मध्ये आयपॅड प्रो कीबोर्ड आणि पेन घेऊन आला, मार्च २०२० मध्ये आयपॅडला माउस-ट्रॅकपॅडचा पूर्ण आधार मिळाला, २०२१ मध्ये तर लॅपटॉपमधलीच एम-१ चिप त्यात बसली.

मग अडतं कुठे? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात जाऊन बघा. दिवाणजी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करतात तेव्हा माउसला हात लागत नाही. कीबोर्डवर पेमेंटला एफ-५, जमेला एफ-६, विक्रीला एफ-८, खरेदीला एफ-९. बोटं आपोआप पडतात. टॅली मुळात विंडोजवर चालणारं, आणि टॅबच्या कव्हरमधल्या कित्येक कीबोर्डांवर ही एफची रांगच नसते. शेजारच्या ठेकेदाराला ई-निविदा भरायची तर डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन लागतं, तेही सहसा विंडोजच्या मशीनलाच जोडायचं. पत्रिका, हँडबिलं करणाऱ्या डीटीपीवाल्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर श्री-लिपी, तेही मुख्यतः तिथलंच. ही कामं टॅबवर येत नाहीत तोवर लॅपटॉप हलणार नाही.

दुसरीकडे टॅबने अभ्यासिका जिंकल्यात. एमपीएससीच्या पीडीएफवर पेनाने खुणा करत वाचणं साध्या लॅपटॉपवर जमत नाही. 'महाज्योती' ही राज्य सरकारची संस्था जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब देते, ते योग्यच आहे. तिथे व्याख्यानं बघायची असतात, प्रश्न सोडवायचे असतात. शेतकऱ्याने तर मधला टप्पाच वगळला. २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पिकाची नोंद शेतात उभं राहून थेट मोबाइलवर होऊ लागली.

म्हणून अकरावी-बारावीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलाला टॅब खुशाल घ्यावा. इंजिनिअरिंग, बी.कॉम.ला जाणाऱ्याने लॅपटॉपच घ्यावा. कोडिंग, ऑटोकॅड, टॅली हे सगळं तिथेच नीट शिकता येतं. आणि टॅब घेताना कीबोर्ड-पेनाची किंमत आधी विचारा. ती धरली की मधल्या दर्जाचा टॅब साध्या लॅपटॉपच्या किमतीला जाऊन भिडतो.