पुलाखालचे 28 गुंठे

सोलापुरात होटगीच्या बाजूला आमच्या वस्तीजवळ एक रेल्वे फाटक होतं. शेजारच्या मावशी विड्या वळायच्या. सकाळी तयार विड्यांची पाटी डोक्यावर घेऊन रुळांपलीकडच्या कारखान्यात जायच्या, येताना पानं आणि तंबाखू घेऊन यायच्या. गेट उघडं असेल तर रूळ ओलांडायला अर्धा मिनिट पुरायचा. मग उड्डाणपूल झाला, फाटक कायमचं बंद झालं, रस्त्याच्या टोकाला भिंत उभी राहिली. सगळ्या गल्लीने पेढे वाटले. आठवड्याभरात मावशी मला म्हणाल्या, "मला पलीकडं जायचंय रे, वर कशाला जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर भूमितीत आहे. ते सोडवताना मला कळलं की पुलाची उंची आणि चढ ठरला की वस्तीचं पुढचं बरंचसं आयुष्यही ठरतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. फाटक काढणं बरोबरच होतं. ताशी 110 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 30 मीटर पुढे सरकते. पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यात घर्षण फार कमी असतं. त्यामुळेच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकतं, आणि त्यामुळेच ती गाडी चटकन थांबत नाही. ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला 0.6 मीटर प्रतिसेकंदाने घटतो असं धरलं, तर गाडी थांबायला साधारण 50 सेकंद आणि 780 मीटर लागतात. चालकाला फाटकावरचा माणूस दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून त्याच्या हातात मुख्य उपाय शिट्टीचा. रुळांच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी दिसते ना, ती त्याला सांगते की पुढे फाटक आहे, शिट्टी वाजव.

गेट फार आधी पाडतात ही तक्रार मीही लहानपणी केली आहे. पण बहुतेक गर्दीच्या फाटकांवर गेट आणि सिग्नल एकमेकांत अडकवलेले असतात. दोन्ही बाजूंचे दांडे खाली येऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. तो सिग्नल चालकाला थांबण्याच्या अंतराच्याही अलीकडून हिरवा दिसायला हवा. म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरवर असतानाच गेट पडायला हवं. गेटमन त्यात काही करू शकत नाही.

लोक मात्र दांड्याखालून वाकून जातात. गाडी दिसते, पण लांब आहे असं वाटतं. हे वाटणं फसवं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी 1985 मध्ये मांडलं की मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी भासते, आणि पुढच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. समोरून येणारी मोटारसायकल आपल्याला झपाट्याने येताना जाणवते, तेवढ्याच वेगाचं रेल्वे इंजिन रेंगाळत येतंय असं वाटतं. पूर्वी डिझेल इंजिनाची धडधड लांबून ऐकू यायची. आता मार्गाचं विद्युतीकरण झालंय आणि विजेची गाडी त्यामानाने गुपचूप येते. डोक्यावर पाटी घेऊन दोन्ही मार्ग ओलांडायला आठ सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी 245 मीटर जवळ आलेली असते.

पूल कुठे बांधायचा याला रेल्वेचं एक माप आहे. फाटकावरून दिवसात जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. गुणाकार 1 लाखावर गेला की पुलाचा खर्च रेल्वे आणि राज्याने वाटून घेण्यासाठी ते फाटक पात्र ठरतं. दिवसाला 80 गाड्या आणि 1,250 वाहनं झाली की आकडा गाठला. या मोजणीत मोटार आणि बैलगाडी एक-एक, रिक्षा अर्धी. पायी चालणारा माणूस यात कुठेच नाही. मावशी पन्नास वर्षं ते फाटक ओलांडत होत्या, पण हिशेबात त्यांची एकदाही नोंद झाली नसेल. मला वाटतं पुढची सगळी चूक इथून सुरू होते, कारण जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी आराखड्यात रेघ ओढली जात नाही.

आता उंचीकडे येऊ. रुळांवर विजेची तार आहे, तिच्यावर मोकळं अंतर हवं. रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत साधारण साडेसहा मीटर धरा, त्यावर गर्डर आणि स्लॅबची जाडी दोन मीटर. म्हणजे रस्ता रुळांच्या साडेआठ मीटर वर गेला. आपल्याकडे अशा पुलांना बहुधा 30 मीटरला 1 मीटर असा चढ देतात. भरलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला याहून उभा चढ सहज झेपत नाही, आणि गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर असे ट्रॅक्टर किती असतात हे सोलापूरकरांना सांगायला नको. साडेआठ गुणिले 30 म्हणजे 255 मीटर चढ, तेवढाच उतार, मध्ये रुळांवरचे 30 मीटर. पूल झाला 540 मीटरचा.

मावशींचं घर जुन्या फाटकाला लागून. त्यांनी 270 मीटर उलटं चालत पुलाच्या पायथ्याशी जायचं, 540 मीटर पूल ओलांडायचा आणि पलीकडे उतरून पुन्हा 270 मीटर मागे यायचं. 20 मीटर रुंदीच्या रेल्वेसाठी 1,080 मीटर चाल, म्हणजे चौदा-पंधरा मिनिटं. तेही मे महिन्यात, डांबरावरून, पदपथ नसलेल्या पुलावर. मावशी तसं करणार नाहीत, कुणीच करणार नाही. त्या भिंतीला आठ दिवसांत भगदाड पडलं आणि रूळ ओलांडणं पुन्हा सुरू झालं, आता गेट नाही आणि गेटमनही नाही.

मग गाडीच वर न्यावी का? ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये हेच केलं. कॉलफील्ड ते डँडेनाँग या उपनगरी मार्गावरची नऊ फाटकं 2018 पर्यंत हटवली. रूळ खांबांवर चढवले आणि रस्ते जमिनीवरच राहू दिले. रुळांखाली सुमारे 22.5 हेक्टर मोकळी जागा मिळाली, तिथे चालण्या-सायकलीचे मार्ग, खेळाची मैदानं, झाडं झाली. हलक्या लोकल गाड्यांना चढ झेपतो. आपल्या मुंबई-चेन्नई मार्गावर मात्र 4,500 टनांची मालगाडीही धावते. 30 ला 1 चढावर तिला नुसतं मागे खेचणारं वजन 150 टन भरेल, आणि दमदार विद्युत इंजिनाची ओढही 50 टनांच्या आसपासच असते. मुंबईला जाताना-येताना आपण बोरघाटातून जातो. तिथला चढ 37 ला 1 आहे आणि वर चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडावी लागतात. 200 ला 1 इतका सौम्य चढ दिला, तर खालून रस्ता जाऊ देण्याएवढं, साडेसात मीटर वर यायलाच दीड किलोमीटर, दोन्ही बाजू धरून तीन. भर शहरात, चालू मार्गावर हे होणं कठीण. आपल्याकडे रस्त्यालाच वर जावं लागणार.

पण माणसाने वर जावं असं कुठे आहे? गाडी आणि तारेला साडेसहा मीटर लागतात, माणसाला अडीच पुरतात. रुळांखालून फक्त पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग काढला, तर छताची जाडी आणि वरची खडी धरून साडेतीन-पावणेचार मीटर खाली उतरावं लागेल. वितीपेक्षा कमी, 15 सेंटीमीटरच्या पायऱ्या मोजल्या तर पंचवीस. पुलाच्या उंचीएवढा जिना करायचा तर सत्तावन्न. कुबडी, चाकाची खुर्ची किंवा हातगाडीसाठी 12 ला 1 उतार दिला, तर 45 मीटरमध्ये काम होतं. काँक्रीटच्या तयार पेट्या रुळांखाली सरकवायचं तंत्र रेल्वेकडे रुळलेलं आहे.

भुयाराचा शत्रू म्हणजे पाणी. सोलापूरला पाऊस कमी, पण येतो तेव्हा एकदम येतो. ऑक्टोबर 2020 चा पाऊस कुणी विसरलेलं नाही. आमची काळी माती भिजून फुगली की तिच्यातल्या भेगा मिटतात आणि मग ती पाणी आत घेत नाही. उघड्या उतारांचं क्षेत्र 1,000 चौरस मीटर असेल आणि तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर भुयारात 50,000 लिटर पाणी, दहा हजारांचे पाच टँकर. पण उतारांवर पत्रे घातले आणि तोंडाशी रस्त्यापेक्षा वीतभर उंचवटा ठेवला, तर यातलं बहुतेक पाणी आत येतच नाही. उरलेल्यासाठी पंप. हे पैसे पुलाच्या खर्चात मीठही नाहीत.

आता त्या साडेआठ मीटरच्या चढाकडे परत येतो, कारण गुंठे तिथेच आहेत. चढ दोन प्रकारे बांधतात. एक, मुरुमाचा भराव आणि दोन्ही बाजूंना भिंती. दुसरा, खांबांवर. भराव स्वस्त पडतो. त्याचं तंत्रही देखणं आहे. 1960 च्या दशकात आंरी विदाल या फ्रेंच अभियंत्याने दाखवलं की मातीच्या थरांमध्ये पट्ट्या घातल्या की घर्षणामुळे माती पट्ट्यांना धरून ठेवते, पट्ट्या भिंतीला धरतात आणि मातीचा डोंगर सरळ उभा राहतो. पण सहा मीटर भराव जमिनीवर दर चौरस मीटरला अकरा-बारा टन भार टाकतो. पूल कातळावर टेकलेला असतो, तो खचत नाही. भराव काळ्या मातीवर असेल आणि ती माती पुरेशी खोल काढली नसेल, तर तो थोडा तरी खचतो. पुलावर चढताना गाडीला बसणारा दणका तो हाच. आणि दणक्यापेक्षा मोठं नुकसान हे की भरावाची भिंत वस्तीचे दोन तुकडे करते. फाटक निदान उघडायचं तरी.

30 ला 1 चढावर पहिल्या 90 मीटरमध्ये रस्ता तीन मीटर वर येतो. तेवढा भाग भरावाचा असू द्या, त्याखाली माणूस नीट वावरू शकत नाही. पुढचे 165 मीटर खांबांवर घेतले आणि पुलाची रुंदी साडेआठ मीटर धरली, तर एका बाजूला 1,400 चौरस मीटर, दोन्ही बाजूंना मिळून 28 गुंठे. सावलीचे 28 गुंठे, ज्या शहरात पारा 44 वर जातो तिथे.

सावली म्हणजे काय, हे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कळतं. तेव्हा भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी मिटते. भिंतीची सावली तेव्हा उपयोगाची नसते, छपराचीच लागते. उघड्यावर दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन अंगावर येतं. पुलाखाली हवा तेवढीच गरम, पण ते ऊन अंगावरून उतरलेलं. एक अडचण आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी खाली उष्णता सोडतो. हे ज्यांच्या घरावर मातीचं माळवद जाऊन स्लॅब आला त्यांना ठाऊक आहे. म्हणून कडा मोकळ्या हव्यात, वारा आरपार जायला हवा. पुलाच्या सांध्यांवर चाकं धडधडतात, त्याच्या बरोबर खाली अभ्यासिका नको, भाजीबाजार चालेल.

मुंबईत माटुंग्याला उड्डाणपुलाखाली 2016 पासून एक बाग आहे. तिथली पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी काढली आहे. पूर्वी अशा जागांत गाड्या आणि कचराच साठायचा, तिथे आता म्हातारी माणसं चालतात. पण तो पूल खांबांवर होता म्हणून ती बाग झाली. भरावाखाली बाग होत नाही, आणि भराव नंतर पोखरताही येत नाही.

म्हणून एखाद्या फाटकावर पुलाचा आराखडा लागला की मी आता उंची किंवा लांबी आधी बघत नाही. भराव कुठल्या मीटरला संपतो आणि खांब कुठे सुरू होतात ती खूण शोधतो. मग जुन्या फाटकाच्या जागी बोट ठेवतो. तिथे भुयाराच्या दोन समांतर रेघा असतील, तर ठीक. तिथे फक्त 'रस्ता बंद' लिहिलेलं असेल, तर हरकत नोंदवायची वेळ तीच. एकदा मुरुमाचे डंपर यायला लागले की उशीर झालेला असतो.