लॅपटॉपवरचं स्वस्त रेकॉर्डिंग : दोन घराण्यांची गोष्ट

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातले आमचे एक काका दर रविवारी सकाळी लॅपटॉपसमोर बसून गातात आणि त्यांचा भाचा पुण्यात बसून तबला धरतो. परवा म्हणाले, "अरे, तुला यातलं कळतं ना, मग एखादं फुकटातलं बरंसं सॉफ्टवेअर सांग, ही बैठक रेकॉर्ड करायचीय." मी नाव सांगणार तेवढ्यात त्यांनी आधी केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. गाणं येत होतं, तबला अधूनमधून, आणि तानपुरा पूर्ण गायब! काकांना वाटलं माइक गेला. माइक ठणठणीत होता, मीटिंगच्या ॲपने तानपुऱ्याला पंखा समजून पुसून टाकलं होतं. ग्वाल्हेरात बसून तानपुऱ्याला पंखा म्हणायचं म्हणजे जरा अतीच झालं, पण त्या ॲपचं घराणंच वेगळं, त्याला तरी काय बोलणार.

घराणी दोन आहेत, एक टेलिफोनचं, म्हणजे कॉलच्या ॲप्सचं, आणि एक स्टुडिओचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं. स्वस्त काय घ्यायचं हा प्रश्न आपण स्टुडिओवाल्यांना विचारतो आणि बैठक मात्र टेलिफोनवाल्यांकडे करतो, सगळा घोळ तिथे होतो.

टेलिफोनवाल्यांचं आधी. जुन्या फोनच्या लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, कारण माणसाचं बोलणं समजायला तेवढा पुरतो. 2003 मध्ये स्काइप आलं, 2011 मध्ये गूगलने वेबआरटीसी हे कॉलचं तंत्र खुलं केलं आणि पुढे ब्राउझरमधूनच कॉल व्हायला लागले, 2013 मध्ये झूम आलं. आवाजाची पट्टी रुंद झाली खरी, पण काम तेच, बोलणं पोचवायचं. म्हणून ही ॲप्स इको कापतात, एक बोलत असला की दुसऱ्याचा आवाज दाबतात आणि जो आवाज सतत एकसारखा चालू असतो त्याला गोंगाट समजून काढून टाकतात. आता सतत एकसारखा चालणं हेच तर तानपुऱ्याचं काम ना! नंतर झूमने ओरिजिनल साउंड नावाची सोय दिली, ती चालू केली की ही कापाकापी थांबते, फक्त मग हेडफोन लावावाच लागतो नाहीतर समोरच्याचा तबला आपल्याच माइकमधून परत त्याच्याकडे जातो.

आणि हे सगळं आमच्यासारख्यांच्या घरात शिरलं ते सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर, डेटा स्वस्त झाला म्हणून. आणि मार्च 2020 च्या लॉकडाऊननंतर तर इलाजच नव्हता, शिकवण्या, रियाज, भजनं सगळं स्क्रीनवर.

स्टुडिओचं घराणं मात्र श्रीमंताघरचं. 1989 मध्ये स्टाइनबर्गचं क्यूबेस अटारी कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा ते मिडीचं होतं, म्हणजे सूर कधी आणि किती वाजवायचा एवढीच नोंद, खरा आवाज नाही. 1991 च्या प्रो टूल्समध्ये खरा आवाज होता पण सोबत त्यांचंच हार्डवेअर घ्यावं लागायचं, घरगुती माणसाचं ते कामच नव्हे. विंडोजवाल्यांकडे कूल एडिट होतं, त्याची न विकत घेतलेली कॉपी उघडली की आज यातल्या कुठल्या दोन गोष्टी वापरणार ते निवडायला लागायचं, बाकीच्या बंद, मग दुसरं काही हवं असेल तर बंद करून परत उघडा. 2003 मध्ये ॲडोबीने ते विकत घेऊन ऑडिशन केलं.

मग हे सगळं स्वस्त कसं झालं? एकदम नाही झालं, आणि कुणाच्या उपकारानेही नाही. मे 2000 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातून ऑडॅसिटी बाहेर आलं, फुकट आणि सोर्सही खुला, म्हणजे आतला कोड कुणालाही बघता-बदलता येणारा. 2004 मध्ये ॲपलने गॅरेजबँड द्यायला सुरुवात केली. 2017 मध्ये गिटारवाल्या गिब्सनने आपलं केकवॉक सोनार बंद केलं, पुढच्या वर्षी बँडलॅब नावाच्या कंपनीने ते घेऊन फुकट वाटलं, म्हणजे काल पैसे भरून घेतलेलं आज शेजाऱ्याला फुकट, ज्यांनी भरले होते त्यांचं काय झालं असेल विचारू नका.

पण माझ्या मते खरी उलथापालथ रीपरने केली. ते जस्टिन फ्रँकेल नावाच्या माणसाचं, गाणी वाजवायचं विनॅम्प ज्याने केलं तोच, 1999 मध्ये आपली कंपनी एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीला विकून 2004 मध्ये तिथून बाहेर पडलेला. रीपर पहिल्यांदा 2005 मध्ये आलं. 60 दिवस पूर्ण चालवून बघा, नंतर घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठी 60 डॉलर, मोठ्या कमाईवाल्यांना 225, आणि सॉफ्टवेअर दोघांनाही तेच, कुठलंच बटण बंद नाही. मुदत संपल्यावरही ते चालतच राहतं, फक्त उघडताना पैशांची आठवण करून देतं. भाजीवालीने "द्या सावकाश" म्हटल्यावर माणूस जसा जास्तच लवकर पैसे नेऊन देतो तसं माझं झालं.

याच फ्रँकेलने 2005 मध्येच निंजॅम नावाची, लांबलांबच्या लोकांनी नेटवरून एकत्र वाजवायची, एक अजब गोष्ट केली आणि दोन घराण्यांची सोयरीक तिथे जमायला लागली. अडचण अशी की आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे स्टेजवर आठ-दहा मीटर लांब बसलेल्या माणसाबरोबर वाजवलं की 25-30 मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यापुढे लय ओढली जाते. नेटवर, त्यातून वायफायवर, एवढ्यात भागणं कठीण. फ्रँकेलने उशीर कमी करायचा नादच सोडला, उलट मुद्दाम वाढवून एका आवर्तनाएवढा केला! म्हणजे 16 मात्रा ठरल्या असतील तर समोरच्याने मागच्या आवर्तनात वाजवलेलं तुम्हाला आत्ता ऐकू येणार, पण समेवर बरोब्बर. एकाच चालीवर घोळवत बसणाऱ्या बँडला हे मस्त चालतं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी तिहाई घ्यायची आणि त्याने पुढच्या समेला दाद द्यायची?" हो, अगदी तसंच.

दुसरी वाट उशीर खरोखर कमी करण्याची. स्टॅनफर्डमधून जॅकट्रिप आलं, 2006 पासून जॅम्युलस, 2020 च्या अखेरीस सोनोबस, ही फुकट आहेत आणि सोनोबस तर प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्डही करतं. मात्र नेटची केबल थेट लॅपटॉपला लावलेली बरी आणि विंडोजवर एझिओ ड्रायव्हर असलेला बरा (ही पद्धत स्टाइनबर्गने 1997 मध्ये आणली, विंडोजच्या मधल्या पायऱ्या वगळून थेट साउंड कार्डाशी बोलायची).

आणि रेकॉर्डिंग? त्याचं उत्तर या सगळ्याच्या आधी रेडिओवाल्यांनी काढलेलं होतं. मुलाखत फोनवर घ्यायची, पण पाहुण्याच्या समोर एक माणूस टेप घेऊन बसवायचा, नंतर दोन्हीकडच्या टेपा जुळवायच्या. फोनचा खरखरीत आवाज फक्त गप्पांपुरता. आज ब्राउझरमधली महिन्याला पैसे घेणारी रेकॉर्डिंगची ॲप्स हेच करतात, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर साठवून मग वर चढवतात. मीटिंगच्या ॲपमध्ये प्रत्येकाची वेगळी फाइल मिळते खरी, पण समोरच्याची फाइल नेटवरूनच आलेली असते, तुटलेलं ते तुटलेलंच. ओबीएस हे स्क्रीन आणि आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, जे 2012 पासून फुकट आहे, त्यात माइक आणि कॉलचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेता येतो, पण कॉलचा ट्रॅक त्याच लायकीचा.

म्हणून काकांकडे ऑडॅसिटी टाकलं, भाच्याकडे रीपर आधीच होतं. कॉल चालू राहतो, पण दोघं आपापल्याकडे रेकॉर्ड करतात, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो, तासाला साधारण 500 एमबी. सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी, दोघांच्या माइकमध्ये यायला हवी म्हणून फोनवरून मोजून. शेवटची अशासाठी की दोन लॅपटॉपची घड्याळं दहा लाखात वीस भागांनी जरी वेगळी असली तरी तासाभरात 70 मिलिसेकंद सरकतात. आणि भाच्याने हेडफोनमध्ये ऐकलं त्याच्यावर तो वाजवतो, म्हणून जुळवताना त्याचा ट्रॅक थोडा आधी सरकवायला लागतो. काका आता उशीर असू दे म्हणतात, विलंबित गातात, आणि तानपुरा पूर्ण ऐकू येतो, पंख्यासकट.