आयात फिशमील घेताना: प्रोटीनच्या आकड्यापलीकडे काय पाहावे

फिशमील म्हणजे मासळी शिजवून, वाळवून केलेली खाद्याची भुकटी; तिचा भाव बहुतेक वेळा प्रोटीनच्या टक्क्यावर ठरतो. प्रयोगशाळा मात्र नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. त्यामुळे युरिया, पिसांची भुकटी किंवा चामड्याचा भुगा मिसळलेल्या मालातही ६५ टक्के दिसू शकतात. कोळंबीला त्यातले फारसे काही पचत नाही. म्हणून अहवालात लायसिन (प्रोटीनचा एक आवश्यक घटक, अमिनो आम्ल) हेही मागा. अँकोव्ही या लहान समुद्री माशाच्या चांगल्या मालात ते प्रोटीनच्या सुमारे साडेसात टक्के असते, भेसळीच्या मालात झपाट्याने उतरते. पेप्सिन (प्रोटीन पचवणारे विकर) पचन-चाचणी मागताना पेप्सिनचे प्रमाण विचारा. ०.२ टक्के द्रावणात निकृष्ट मालही ‘पास’ होतो. फरक दिसतो तो ०.००२ टक्के द्रावणात.

यानंतर मासळीचा ताजेपणा. एक टन फिशमीलला चार ते पाच टन मासळी लागते. ती उकळण्याआधी किती वेळ पडून होती हे टीव्हीएन (मासळी कुजताना तयार होणारी बाष्पशील नायट्रोजनयुक्त द्रव्ये) आणि हिस्टामिन (शिळ्या मासळीत जंतूंमुळे तयार होणारे द्रव्य) हे दोन आकडे सांगतात. पेरूच्या ‘सुपर प्राइम’ प्रतीत साधारणपणे प्रोटीन किमान ६८ टक्के, टीव्हीएन १०० ग्रॅममध्ये कमाल १०० मिलिग्रॅम आणि हिस्टामिन कमाल ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५००) धरतात. हिस्टामिन उष्णतेने नष्ट होत नाही. उलट असा माल वाळवताना जास्त तापला तर त्यात गिझेरोसिन हे विषारी द्रव्य तयार होते आणि ब्रॉयलरच्या पेषणीला (दाणे दळणाऱ्या जठराला) जखमा होतात. त्यामुळे कोंबडीखाद्यासाठी ज्वालेवर वाळवलेला स्वस्त माल घेताना दोनदा विचार करावा; वाफेवर वाळवलेला बरा. याउलट तिलापिया-कार्पच्या वाढीच्या खाद्यात सुपर प्राइम घालणे म्हणजे पैसे पाण्यात. ती प्रत कोळंबीच्या पिल्लांसाठी आणि समुद्री माशांच्या बाळखाद्यासाठी राखावी. ट्यूनाच्या टाकाऊ भागांपासून केलेल्या मालात हाडे जास्त, राख २० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. तो वापरता येतो, पण सूत्रातले फॉस्फरस नव्याने मोजावे लागते.

फिशमील आपोआप पेट घेऊ शकते. त्यातल्या तेलाचा हवेशी संयोग होतो, उष्णता साठते आणि थप्पीच्या पोटात धग सुरू होते. म्हणून उत्पादनाच्या वेळीच अँटिऑक्सिडंट (हा संयोग रोखणारे द्रव्य) मिसळून माल स्थिर करावा लागतो. सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्थिर केलेला माल यूएन २२१६ (वर्ग ९) आणि न केलेला यूएन १३७४ (वर्ग ४.२) या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली येतो. स्थिर केलेल्या मालात पाठवणीच्या वेळी किमान ५० पीपीएम इथॉक्सिक्विन, १०० पीपीएम बीएचटी किंवा २५० पीपीएम टोकोफेरॉल शिल्लक असले पाहिजे. कारखान्यात किती घातले तो आकडा वेगळा. प्रमाणपत्रात ‘शिल्लक किती’ हेच लिहून घ्या. भरताना मालाचे तापमान ३५ अंश किंवा हवेपेक्षा ५ अंश जास्त, यांपैकी जे अधिक असेल त्याच्या वर नको. तुमची कोळंबी युरोपात जात असेल तर इथॉक्सिक्विनचा माल टाळा; युरोपीय संघाने खाद्यातील त्याची परवानगी २०१७ मध्ये स्थगित केली.

कागदपत्रांत सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे पतपत्रात (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद जुळल्यास पैसे देण्याची बँकेची हमी) ढोबळ वर्णन लिहिणे. बँक कागद पाहते, पोती पाहत नाही. ‘फिशमील ६५ टक्के’ एवढेच लिहिले असेल तर टीव्हीएन २०० निघाले तरी पैसे सुटतात. प्रत्येक मर्यादा, स्वतंत्र तपासनीसाचे प्रमाणपत्र, कोणत्या बंदरातला अहवाल अंतिम आणि प्रोटीन एक टक्का कमी पडल्यास किती कपात, हे सगळे करारात आणि पतपत्रात एकाच शब्दांत हवे. आयात परवाना माल जहाजावर चढण्याआधी हातात असावा. आरोग्य प्रमाणपत्रावरचा कारखान्याचा मान्यता क्रमांक पोत्यावरच्या छापाशी जुळला नाही तर माल बंदरात अडकतो आणि विलंब-आकार चढत राहतो. जकातीचा वर्गीकरण क्रमांक २३०१.२०.

कंटेनर उघडण्याआधी सीलचा फोटो काढा. छताजवळची आणि दाराजवळची पोती आधी चाचपा: कंटेनरच्या आत घाम सुटून तिथेच गाठी धरतात. गाठींची पोती बाजूला ठेवून त्यांचा नमुना वेगळा घ्या. चांगल्या मालात मिसळला तर दोन्ही बाजूंचा वाद सुटत नाही. बाकी मालात वेगवेगळ्या थरांतल्या पोत्यांत परखी (नमुना काढायची पोकळ सळई) खुपसून नमुने घ्या, एकत्र करून चार भाग पाडत कमी करा आणि तीन सीलबंद पिशव्या भरा: प्रयोगशाळेला, पुरवठादाराला, स्वतःकडे. जळका, खवट किंवा अमोनियाचा वास आला तर अहवालाची वाट न पाहता लेखी हरकत नोंदवा.

गोदामात लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून अंतर ठेवून थप्पी लावा आणि तिच्या मध्यात तापमापी खुपसा. तापमान रोज चढत असेल तर थप्पी मोडून पोती मोकळी पसरा. साल्मोनेला हा रोगजंतू शिजवताना मरतो, पण उंदीर, पक्षी आणि ओल्या जमिनीमुळे पुन्हा शिरतो.

पुरवठ्याचा मोठा भाग पेरूच्या अँकोव्हीवर अवलंबून आहे. २०२३ मध्ये तिथल्या उत्तर-मध्य पट्ट्यातला पहिला हंगाम रद्द झाला, कारण एल निनो (समुद्राचे पाणी तापणे) आणि लहान मासळीचे जास्त प्रमाण. तेव्हा हंगाम उघडण्याच्या भरवशावर साठा तळाला नेऊ नका. मागणी कळवताना चार गोष्टी लिहा: कोणत्या प्राण्याचे खाद्य, राखेची आणि हिस्टामिनची तुमची मर्यादा, कोणते अँटिऑक्सिडंट चालते, आणि ५० किलोची पोती हवीत की जम्बो बॅग.