पार्श्वभूमी : शिडावरचा लोकरीचा धागा

शीड सैल पडलं तर ते लपून राहत नाही. पुढची कड आधी थरथरते, मग फडफडायला लागते आणि पहिल्यांदाच होडीत बसलेल्या माणसालाही कळतं की दोर ओढायला हवा. पण तेच शीड गरजेपेक्षा जास्त ओढलं तर? वरवर पाहता काहीच बिघडत नाही. कापड ताठ, फुगवटा डौलदार, सुरकुती नावाला नाही. होडी मात्र एका अंगावर जास्त कलते आणि वेग हळूहळू मरतो. शिडाच्या वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूला हवेने कापडाची साथ सोडलेली असते आणि हवा काही डोळ्यांना दिसत नाही. टेलटेल म्हणजे शिडाच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले वीतभर लांबीचे धागे. ते का आले आणि इतक्या उशिरा का आले, हे समजायचं तर हे जास्त ओढलेलं, देखणं शीड डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

शब्द जुना आहे. टेलटेल म्हणजे चुगली करणारा. मोठ्या शिडाच्या जहाजांवर कप्तानाच्या केबिनमध्ये छताला एक होकायंत्र उलटं टांगलेलं असे, त्यालाही टेलटेलच म्हणत. वर सुकाणूवरच्या माणसाची दिशा चुकली की खाली बिछान्यात पडलेल्या कप्तानाला ते कळत असे. वाऱ्याची चुगली करणारी वस्तूही जहाजावर होतीच. विल्यम फाल्कनरच्या १७६९ सालच्या सागरी शब्दकोशात तिची नोंद आहे. सुमारे दोन फूट दोरा, त्यात ओवलेल्या बुचाच्या पातळ चकत्या आणि चकत्यांभोवती खोचलेली पिसं. ही झुपकेदार माळ जहाजाच्या वाऱ्याकडच्या कठड्यावर काठीला बांधत, म्हणजे सुकाणूवाल्याला मान वर न करता वारा दिसे. पुढे लहान होड्यांवर डोलकाठीच्या ताणदोरांना पिसं, लोकर, कापडाच्या चिंध्या आल्या. कॅसेटचा जमाना आला तेव्हा खराब झालेल्या कॅसेटमधली तपकिरी चुंबकीय टेपही आली. ती इतकी हलकी की वाऱ्याची जेमतेम झुळूक असली तरी हलते.

मात्र या सगळ्या वस्तू एकाच प्रश्नाचं उत्तर देत होत्या : वारा कुठून येतोय? तो वारा शिडावर पोचल्यावर काय करतोय, याबद्दल त्या काहीच सांगत नव्हत्या. खलाशांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक नियम काढला होता. दोर सोडत जा, शीड फडफडलं की फडफड थांबेपर्यंत ओढ, तिथेच थांब. नियम चांगला आहे आणि आजही नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच शिकवावं असं माझं मत आहे. पण त्यातून फक्त सैलपणाची हद्द कळते. पलीकडची हद्द, जिथे हवा कापड सोडते ती, या नियमाला दिसत नाही.

ती हद्द आधी विमानवाल्यांनी शोधली. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणित परिषदेत जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांनी पृष्ठभागाला लगटून वाहणाऱ्या पातळ थराची कल्पना मांडली. हा थर वक्र पृष्ठभागाला धरून राहतो तोवर प्रवाह सुरळीत असतो आणि तो सुटला की मागे भोवरे माजतात. हे दिसावं म्हणून त्यांनी हाताने चाक फिरवून पाणी खेळवायचं एक उपकरण केलं होतं आणि पाण्यात चमकणारे अभ्रकाचे कण सोडले होते. राइट बंधूंनी त्याआधीच आपल्या ग्लायडरच्या पुढे एक दोरा बांधला होता. ग्लायडर तिरका सरकू लागला की दोरा बाजूला वळे. आजच्या ग्लायडरच्या काचेवर टेपने चिकटवलेला लोकरीचा धागा हा त्याचाच वारस. १९२०च्या दशकाच्या अखेरीस तर उडत्या विमानाच्या पंखावर लोकरीचे धागे ओळीने चिकटवून हवा कुठे सुटते याचा नकाशाच काढायला सुरुवात झाली. धागा शांत, म्हणजे हवा चिकटलेली. धागा वळवळला किंवा उलटा फिरला, म्हणजे सुटलेली.

शिडाचा अभ्यासही त्याच सुमारास सुरू झाला होता. मॅनफ्रेड करी हा नावाजलेला शर्यतपटू. त्याने १९२५ साली जर्मनीत शिडाच्या वायुगतिकीवर पुस्तक लिहिलं आणि पक्ष्याच्या पंखाशी शिडाची तुलना केली. त्याच वर्षी अमेरिकेत वॉर्नर आणि ओबर यांनी खऱ्या नौकेच्या शिडावर ठिकठिकाणी हवेचा दाब मोजल्याचा निबंध प्रसिद्ध केला. यातून एक गोष्ट ठळक होत गेली : वारा येतो त्या दिशेकडे चढताना शिडाला मिळणाऱ्या बळाचा मोठा वाटा वाऱ्याआडच्या बाजूच्या ओढीतून येतो. नजर मात्र सगळ्यांची वाऱ्याकडच्या बाजूवर, कारण माणसं बसतात तिकडे.

मग धागा शिडावर रुळायला इतका काळ का लागला? माझ्या मते मोठं कारण कापड. सुती शीड ओलं झालं की आकसायचं, जोराच्या वाऱ्यात ताणायचं, दुपारपर्यंत त्याचा फुगवटाच बदलायचा. ज्याचा आकार स्वतःच जागेवर राहत नाही, त्याच्यावरची बारीक खूण वाचून करायचं काय? पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली ब्रिटनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला आणि १९५०च्या दशकात टेरिलीन, डॅक्रॉन अशा नावांनी त्याची शिडं होऊ लागली. आता शीड दिलेला आकार धरून ठेवत होतं. दोर दोन इंच सोडला तर नक्की काय बदललं, हे विचारण्यात अर्थ आला.

या प्रश्नाला सर्वात नेमकं उत्तर देणारा माणूस विमानवाला होता, ही गोष्ट मला फार आवडते. आर्व्हेल जेंट्री डग्लस आणि पुढे बोइंगमध्ये वायुगतिकीचं काम करत आणि फावल्या वेळी शिडाची नौका चालवत. नौकानयनाच्या पुस्तकांतलं एक स्पष्टीकरण त्यांना पटत नव्हतं : पुढचं शीड आणि मुख्य शीड यांच्यातल्या अरुंद फटीत हवा कोंडून जोरात वाहते, म्हणून मुख्य शीड जास्त काम करतं. पंखांसाठी वापरायच्या पद्धतींनी त्यांनी दोन्ही शिडांभोवतालच्या हवेच्या वाटा काढल्या तेव्हा चित्र वेगळंच निघालं. मुख्य शिडामुळे पुढच्या शिडावर येणारा वारा अनुकूल कोनात वळतो आणि पुढचं शीडच अधिक जोरात ओढतं. उलट, पुढचं शीड मुख्य शिडाच्या वाऱ्याआडच्या बाजूच्या पुढच्या भागातला हवेचा वेग कमी करतं आणि त्यामुळे तिथली हवा सुटत नाही. १९७३ साली एका अमेरिकन मासिकातल्या लेखमालेतून हे सामान्य नौकानायकांपर्यंत पोचलं.

जेंट्रींनी धाग्यांची मांडणीही बदलली. शिडाच्या पुढच्या धारदार कडेवर हवा बऱ्याचदा क्षणभर सुटते आणि थोडं मागे पुन्हा कापडाला चिकटते. मध्ये हवेचा एक छोटा फुगा तयार होतो. तो मोजायला त्यांनी कडेपासून मागे एका ओळीत अगदी आखूड धागे लावले. सगळे शांत असतील तर नौका वाऱ्याला जवळजवळ टेकली आहे, म्हणजे आणखी वाऱ्याकडे वळली तर शीड फडफडेल. पहिला वळवळला की फुगा उमटला. वळवळ मागे सरकत शेवटच्या धाग्यापर्यंत गेली की स्टॉल (हवा कापडापासून पूर्ण सुटून शिडाचं बळ ढासळणं) दाराशी आला. एरवीचा धागा हो किंवा नाही एवढंच बोलतो, ही ओळ मोजपट्टीसारखी वाचता येते. आजही सर्रास दिसतात ते साधे धागे, पण ही ओळ सुकाणूवरच्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

साध्या धाग्यांची रीतही या काळात पक्की झाली. पुढच्या शिडावर खाली, मध्ये आणि वर अशा तीन जोड्या. वाऱ्याकडचा धागा वर उसळला तर दोर ओढायचा किंवा नौका वाऱ्यापासून थोडी दूर वळवायची. वाऱ्याआडचा नाचू लागला तर दोर सोडायचा किंवा वाऱ्याकडे वळायचं. वाऱ्याकडचा वरचा धागा खालच्याआधी उसळला तर शिडाला वर पीळ जास्त आहे, तेव्हा दोराचा ओढबिंदू (होडीवर जिथून दोर शिडाकडे जातो ती जागा) पुढे सरकवायचा. खालचा आधी उसळला तर मागे. पलीकडचा धागा दिसावा म्हणून शिडात पारदर्शक खिडकी बसवू लागले. खिडकी नसेल तर ऊन कामाला येतं. सूर्य पलीकडे असताना पांढऱ्या कापडावर त्या धाग्याची सावली उमटते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा शीड अगदी छान ताणलंय या समाधानात होतो आणि सावली मात्र गोल गोल फिरत होती. दोर जेमतेम हातभर सोडला. सावली एकदम आडवी होऊन स्थिरावली आणि होडीखालच्या पाण्याचा आवाज बदलला. त्या दिवसापासून डोळ्यांना छान दिसणाऱ्या शिडावर मी विश्वास ठेवत नाही.

सामानात बदल होत गेले. साधी लोकर भिजली की कापडाला चिकटून बसते, म्हणून मोहेर आणि अंगोरासारखी केसाळ लोकर वापरली गेली. मग स्पिनेकर या फुग्यासारख्या पुढच्या शिडाच्या पातळ नायलॉनच्या पट्ट्या आणि चिकट गोल ठिगळं आली. धागा शिवणीजवळ लावायचा नाही, टाक्यात अडकतो, हे प्रत्येकाला एकदा तरी अनुभवानेच कळतं.

मुख्य शिडाचं गणित वेगळं. त्याच्या पुढ्यात डोलकाठी उभी असते आणि तिच्यामागची हवा आधीच ढवळलेली असते, त्यामुळे पुढच्या कडेजवळचे धागे तिथे भरवशाचे नाहीत. म्हणून मुख्य शिडाच्या मागच्या कडेला, शिडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या टोकांशी रिबनी आल्या. डोलकाठीच्या टोकावरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं आज वाऱ्याचा वेग आणि कोन आकड्यांत देतात, पण शिडावरची हवा सुटली की नाही हे शर्यतीतला माणूस अजूनही त्या रिबनींकडे बघूनच ठरवतो, विशेषतः सर्वात वरच्या रिबनीकडे. ती सतत मागे उडत राहिली तर दोर अजून थोडा ओढायला वाव आहे. शिडामागे वळून तिथेच दडून राहिली तर दोर सोडायचा. वारा येतो त्या दिशेकडे चढताना ती निम्मा वेळ उडावी, निम्मा वेळ दडावी.