मोहाची दारू (खानदेश)

मोहाची वाळवलेली फुले आंबवून चुलीवर गाळलेली दारू. खानदेशात सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांत, भिल्ल व पावरा कुटुंबे ती घरीच काढतात. तापीकाठच्या केळी-कापसाच्या गावांत ‘मोहाची’ म्हटले की नाल्याच्या आडोशाला पेटलेली हातभट्टी डोळ्यांपुढे येते. डोंगरात तीच बाटली पाहुण्यापुढे आणि देवापुढे उघडपणे ठेवतात. पहिली बाजू बातम्यांतून रोजच कळते, म्हणून इथे डोंगरातली बाजू जास्त आली आहे.

मोहाचे झाड (मधुका लाँगिफोलिया) फाल्गुन-चैत्रात, पाने झडल्यावर फुलते. मलईच्या रंगाची गरदार फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. बायका-मुले टोपल्या घेऊन उजाडायच्या आत निघतात. उशीर झाला तर गुरे-शेळ्या आपला वाटा उचलतात. वेचणे सोपे जावे म्हणून खालचा पाचोळा आधी जाळून टाकतात. हा जाळ कधी आवरत नाही आणि वणवा लागतो, ही वनखात्याची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. अंगणात वाळलेले फूल मनुक्यासारखे तपकिरी दिसते. वाळल्यावर त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. ते भाजून खातात, गुरांना घालतात, नड पडली की बाजारात विकतात; दुष्काळात त्यावर घरे जगली आहेत. दारू हा फुलाच्या अनेक उपयोगांतला एक.

दारूसाठी फुले माठात पाण्यात भिजत घालतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, थंडीत आठवडा किंवा जास्त लागतो. फुलांवरचे नैसर्गिक यीस्टच काम करते, वेगळे विरजण लागत नाही. माठाला कान लावला तर आत बुडबुड्यांची कुजबुज ऐकू येते. ती मंदावली की आंबवण तयार. (पोलिसांच्या पंचनाम्यात याचेच नाव ‘कच्चे रसायन’.) मग हे आंबवण चुलीवर चढवतात. वर दुसरे भांडे बसवून सांधे ओल्या मातीने लिंपतात. वाफ पोकळ बांबूतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात जाते आणि तिथे थेंब थेंब जमते. दुसऱ्या रीतीत नळी नसतेच: सगळ्यात वर गार पाण्याचे भांडे ठेवतात, त्याच्या बुडाला वाफ थिजते आणि आत टांगलेल्या भांड्यात पडते. वरचे पाणी तापले की बदलायचे. किती वेळा बदलले यावरून दारूचा कस सांगता येतो, कारण प्रत्येक वेळी ती पातळ होत जाते. सुरुवातीला उतरते ती सर्वांत कडक, ‘पहिल्या धारेची’. चमचाभर विस्तवावर टाकली तर निळी ज्योत उठते. ‘पहिल्या धारेची’ हा शब्द भट्टीवरून निघून मराठीत इतका पसरला आहे की चूल कधी न पाहिलेले लोकही तो वापरतात.

बियर-वाइन नुसती आंबवतात. मोहाची ऊर्ध्वपातन केलेली, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेली असते, त्यामुळे ती त्यांच्या पंक्तीत बसत नाही. नवापूर भागात ताडाची ताडी आणि शिंदीचा रस पितात, ते मात्र न गाळलेले पेय. मैदानातल्या हातभट्टीत मोहाची जागा बहुधा गूळ आणि नवसागर घेतात, त्यामुळे तिला मोहाची म्हणणे हे मोहावर अन्याय करणारे आहे.

डोंगरात धार हा शब्द दुसऱ्या अर्थानेही येतो. पिण्याआधी थोडी दारू जमिनीवर सोडतात, देवांसाठी आणि घरातल्या गेलेल्या माणसांसाठी, ती ‘धार’. लग्न ठरवताना, भांडण मिटवताना, पेरणीआधीच्या पूजेत आणि इंदलसारख्या विधीत ती लागते. याहामोगी देवीच्या देवमोगरा येथील जत्रेला (गुजरातमध्ये, महाशिवरात्रीस) नंदुरबारकडून हजारो लोक जातात आणि देवीला दारू वाहतात. तेव्हा नवा मोह फुललेला नसतो, म्हणून गेल्या साली वाळवलेली फुले जपून ठेवलेली असावी लागतात.

सरकारने या दारूकडे आधी महसूल म्हणून पाहिले, पुढे गुन्हा म्हणून. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे बंद करून मक्तेदारांच्या दुकानांना वाट करून दिली. किनारपट्टीवर अनेक मक्तेदार पारशी होते. 1892 च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला.

दारू सोडण्याची हाकही आदिवासींमधूनच उठली. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची लाट दक्षिण गुजरात ओलांडून पश्चिम खानदेशात पोचली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून देवी दारू-ताडी सोडा म्हणाली, आणि दुकानदारांचे गल्ले ओस पडले. 1930 च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप’ पंथ उभा केला: सोमवारी आरती, लहानथोर सर्वांना ‘आप’ म्हणणे, दारू वर्ज्य. 1938 मध्ये ते वारल्यावर त्यांचे बंधू रामदास महाराजांनी ते काम पुढे नेले. त्यामुळे आजही शेजारशेजारच्या दोन घरांत एकीकडे धार सोडलेली आणि दुसरीकडे दारूचा थेंबही न चालणारी पूजा दिसू शकते.

2009 मध्ये पुण्यात राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (बियरच्या छोट्या भट्ट्यांपैकी) एक सुरू झाली. हॉटेलात बियर बनवून तिथेच विकण्याचा परवाना मिळतो. धडगावच्या चुलीला तशी सोय नाही. सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशाने मोहाला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा दिला असून अलीराजपूरची ‘मोंड’ बाटलीबंद होऊन दुकानात विकली जाते. अलीराजपूर आणि धडगाव यांच्यामध्ये नर्मदेचे पात्र आहे.